अर्धी ओळ

मंगळवार, ४ मार्च

बेबी येत्या रविवारी मंचावर मधे बसणार नाही, बाजूला बसणार आहे. बातमी पक्की आहे. दुजोरा मृदंगवाल्यांनी दिला, तोही मी आपणहून फोन केला म्हणून. "संपादक, घरातली बातमी तुम्हाला बाहेरून कळते?" असं म्हणून ते इतके हसले की त्यांचा कप बशीवर आपटलेला मला ऐकू आला. मी संपादक कधीच नव्हतो, उपसंपादक म्हणूनच निवृत्त झालो. पण हा विनोद त्यांना गेली वीस वर्षं पुरतोय.

कर्नाटक संगीतात बसायच्या जागा ठरलेल्या असतात. मुख्य कलाकार मधे. व्हायोलिनवाला त्याच्या डाव्या हाताला, मृदंगवाला उजव्या. मधला सांगतो आणि बाजूचे त्याला धरून जातात. बेबी सहाव्या वर्षापासून मधेच बसत आली आहे. मांडी घालून बसल्यावर व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवायचं असतं. तिचं ते मुलांच्या मापाचं व्हायोलिनसुद्धा तिच्या घोट्यावरून घसरायचं, म्हणून मी तिच्या पायावर रुमालाची घडी ठेवायचो. लोक त्या रुमालालाही टाळ्या द्यायचे.

आता ती सदतीस वर्षांची आहे आणि बाजूला बसणार ती कुणाच्या? तर गायिकाबाईंच्या. या दोघी एकाच मास्तरांकडे शिकल्या. बेबीची शिकवणी मी वेगळी लावून घेतली होती. गायिकाबाई वर्गात, मागच्या सतरंजीवर बसायच्या. आवाज मधेच फाटायचा त्यांचा. मास्तर आज असते तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे.

संध्याकाळी बेबीला विचारलं.

"खरं आहे का?"

"हो."

"त्यांनी बोलावलं?"

"नाही. मीच त्यांना विचारलं, मला साथीला घ्याल का म्हणून." ती तारा पुसत होती, वर बघितलं नाही. "बाबा, मला एकदा कुणाच्या तरी मागून वाजवून बघायचंय."

"मागून?"

"अहो, चहा गार होतोय तुमचा," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. चहा मी पाच मिनिटांपूर्वीच संपवला होता.

गुरुवार, ६ मार्च

सभागृहाच्या फाटकावर कार्यक्रमाचा फलक लागला आहे. मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो. गायिकाबाईंचं नाव मथळ्याच्या टाइपात. बेबीचं खाली, मृदंगवाल्यांच्या नावाशेजारी, बातमीच्या अंगातला मजकूर छापतात तेवढ्या टाइपात. एवढं मी गिळलं. पण तिच्या नावाआधीचं "बेबी" गायब आहे. तीस वर्षं ज्या नावानं लोक तिला ओळखतात तेच नाही! मुद्रितशोधक झोपलेला असणार, दुसरं काय. तिथूनच आयोजकांना फोन लावला. बिचारे सज्जन आहेत. नवा फलक आता होणार नाही, पण छापील पट्टी चिकटवतो म्हणाले.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तिला विचारलंत का?" छपाईची चूक दुरुस्त करताना काय विचारायचं असतं?

मनाची एक समजूत घालतो आहे. बाजूला बसून साथ करणं बेबीला नवीन नाही. उलट तिचं नाव झालं ते त्यातच. ती सात वर्षांची असताना मी "अर्धी ओळ" सुरू केली. कार्यक्रमाच्या शेवटी मी ध्वनिक्षेपकावर जायचो आणि म्हणायचो, कुणीही या, कुठल्याही रागातली ओळ गायला लागा. माणूस अर्ध्यावर आला की बेबी पुढची अर्धी स्वतः वाजवून मोकळी! तो तोंड उघडं ठेवून उभा, आणि सभागृह डोक्यावर. दुसऱ्याच्या मनातलं त्याच्या आधी ओळखणं याहून मोठी साथ ती कोणती?

जानेवारीतल्या तिच्या शेवटच्या कार्यक्रमात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, हे खरं आहे. पण जे आले होते त्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी उभं राहून ओरडून सांगितलं, "बेबी, अर्धी ओळ होऊन जाऊ दे!" म्हणजे लोक विसरलेले नाहीत. तिनं वाजवली. त्यानंतर बरेच दिवस तिनं व्हायोलिनची पेटी उघडली नाही. थंडी होती, बोटं आखडतात.

रविवार, ९ मार्च

अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला कार्यक्रम झाला.

मी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, बेबीच्या बरोबर समोर. मांडीवर ताल धरून. पहिला अर्धा तास ती जरा दबून होती. गायिकाबाईंच्या मागे मागे, सावलीसारखी. मला बघवेना. मग बाईंनी कांभोजी राग घेतला. आलाप दोन टप्प्यांत करणार असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. खालून सुरू करून, फार सावकाश, मधल्या सुरांपर्यंत आल्या आणि थांबल्या. बेबीकडे बघून मान हलवली. आता तुझी पाळी, अशी.

मीही मान हलवली. बेबीनं माझ्याकडे पाहिलं. मग जी सुटली! मधल्या सुरांवर ती रेंगाळली नाहीच. सरळ वरच्या 'सा'वर जाऊन उभी राहिली, आणि तिथून आणखी वर. मी टाळी वाजवली आणि माझ्यामागे सगळं सभागृह. कितीतरी वर्षांनी तो आवाज ऐकला.

बाई हसल्या. दुसरा टप्पा त्यांनी अगदी थोडक्यात उरकला, वरच्या 'सा'ला नुसता हात लावल्यासारखं केलं आणि गाण्याला सुरुवात केली. त्यांच्याजवळ सांगायला काही उरलंच नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. मागच्या सतरंजीत आणि पुढच्या सतरंजीत फरक असतो तो असा.

येताना गाडीत बेबी खिडकीबाहेर बघत होती. वाटेत म्हणाली, इथेच थांबवा, मी चालत येते. दमली असेल.

फाटकावरची "बेबी"ची पट्टी मात्र जाताना होती आणि येताना नव्हती. हल्ली गोंदसुद्धा धड मिळत नाही. हिच्या बोटांनाही चिकट काहीतरी लागलं होतं, घरी आल्या आल्या साबणानं हात धुवायला गेली. सभागृहाच्या खुर्च्या पुसत नाहीत वाटतं.

सोमवार, १० मार्च

सकाळी मृदंगवाले आले. मी पेढे आणायला निघालो होतो, तर त्यांनी खाली बसवलं.

"संपादक, काल काय झालं ते तुमच्या लक्षात आलंय का?"

"आलंय म्हणजे? टाळ्या मी मोजल्या नाहीत एवढंच."

"टाळ्या सोडा. बाई मधल्या सुरांवर का थांबल्या?"

"दम घ्यायला."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, वरचा सा त्यांनी राखून ठेवला होता. दुसऱ्या टप्प्यासाठी. साथीदारानं तिथपर्यंतच जायचं असतं जिथपर्यंत गाणारा गेलाय. पुढचं दार त्यानं उघडायचं. आपल्या बेबीनं त्यांच्या ताटातलं उचललं हो, त्यांनी हात लावायच्या आधी."

"त्यांना सुचलं नसेल वर जायचं."

"पाऊण तास त्या तिथेच चालल्या होत्या! मला मृदंगावर बसून दिसत होतं. तुमच्या पोरीलाही दिसत होतं. म्हणून तर ती काल माझ्यासमोर रडली, कलाकारांच्या खोलीत."

हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, जिला येतं तिनं येत नाही असं दाखवायचं, हा कुठला नियम? मृदंगवाल्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "बिस्किटं घ्या ना तुम्ही." दोघांनी बिस्किटं घेतली.

दोन बाजू असलेली बातमी आहे, एवढंच आज लिहून ठेवतो.

शनिवार, १५ मार्च

गायिकाबाईंचा १२ एप्रिलचा मोठा कार्यक्रम जाहीर झाला. साथीला दुसरा व्हायोलिनवाला आहे. दुजोरा मृदंगवाल्यांचा. ते स्वतः आहेतच.

बेबीला मी म्हटलं, बरंच झालं, आता आपण आपला कार्यक्रम ठरवू, मधे बसून, "अर्धी ओळ" सकट. दोन आयोजक माझ्या ओळखीचे अजून आहेत.

ती म्हणाली, "बाबा, मधे बसून मी तीस वर्षं काय वाजवलं, मला एक ओळ आठवत नाही." नंतर म्हणाली, "साथ जमली नाही तर मी व्हायोलिन शिकवीन शाळेत. पण मधे नाही बसणार."

म्हणजे हे असं आहे तर. हे जमलं नाही तर मंचच संपला. सहाव्या वर्षापासूनचं सगळं, एका सुरापायी.

मंगळवार, १८ मार्च

बेबी आपणहून गायिकाबाईंच्या घरी जाऊन आली. क्षमा मागायला गेली होती का, विचारलं, तर म्हणाली, "तेही झालं." बाईंनी तिला रोज सकाळी यायला सांगितलं आहे. अट एकच, व्हायोलिन आणायचं नाही.

"मग तिथे करायचं काय?" मी हिला विचारलं.

"ऐकायचं."

"ऐकायला जायचं? रोज? आपल्या मुलीनं? आपल्या मुलीला लोक ऐकायला येतात."

"यायचे," ही म्हणाली. मग माझ्याकडे बघून, जरा मऊ आवाजात, "अहो, जाऊ द्या ना तिला."

गुरुवार, २७ मार्च

आज एक काम केलं. ते बरोबर की चूक, अजून ठरवता येत नाही.

व्हायोलिनवालीनं व्हायोलिनशिवाय नऊ-दहा दिवस बसून राहायचं हे मला पटेना. हात गंजतात. बेबी गेल्यावर मी पेटी उचलली आणि मागोमाग गेलो. बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली कपड्यांना इस्त्री करायचं दुकान आहे, जिन्यात वाफेचा वास. दार उघडंच होतं. आत बाई खिडकीत दोरीवर कपडे वाळत घालत होत्या आणि घालता घालता गात होत्या. एक चिमटा, एक सूर. बेबी भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीत उताणे. बोटं हलत नव्हती. तिची बोटं झोपेतसुद्धा हलतात.

बाईंनी मला पाहिलं. "या ना काका. अरे वा, व्हायोलिनही आणलंत?"

"राहिलं होतं घरी," मी म्हणालो.

बेबीनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

बाईंनी मात्र पेटी माझ्या हातातून घेऊन नीट कोपऱ्यात ठेवली, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "काका, तुम्हाला आठवत नसेल. 'अर्ध्या ओळी'ला मी एकदा मंचावर आले होते. नऊ वर्षांची असेन. आईनं पुढे ढकललं होतं."

मला आठवलं नाही. शेकडो लोक यायचे. तसं सांगितलं.

"हो, खरंच आहे. मी अर्ध्यावर आले आणि हिनं पुढचं वाजवलं. काय टाळ्या पडल्या! तुम्ही माझ्या डोक्यावर थोपटलंत आणि म्हणालात, बघ, तुझ्या मनातलं कसं ओळखलं." त्या हसत होत्या. राग वगैरे काही नव्हता. "मलाही तेव्हा वाटलं, ओळखलं म्हणून. घरी जाताना लक्षात आलं की माझी ओळ तशी नव्हती."

"तशी नव्हती म्हणजे?" हे मी नाही, बेबीनं विचारलं.

"तू वर नेलीस. माझी खाली यायची होती."

"कशी होती?"

बाईंच्या हातात ओला टॉवेल होता. तो तसाच धरून त्यांनी ती ओळ गायली. अर्ध्यापर्यंत वर गेली, आणि मग कुणी बसल्या जागी हळूच पाठ टेकावी तशी खाली आली. पोरासोरांची साधी ओळ. बेबी बघतच राहिली. मग म्हणाली, "परत म्हणा." त्यांनी परत म्हटली. तिसऱ्यांदाही म्हणायला लावली. कोपऱ्यातली पेटी तिनं मागितली नाही.

मी निघालो तेव्हा बाई जिन्यापर्यंत आल्या. "काका, व्हायोलिन राहू दे इथेच. उद्यापासून लागेल."

म्हणजे मी नेलं ते बरंच झालं म्हणायचं. तरी घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं नाही. ती ओळ दिवसभर तोंडात येत होती. माझ्याकडून दर वेळी वरच जाते.

बुधवार, २ एप्रिल

बेबी आता दुपारी घरीही वाजवते, पण काहीतरी बिनसलं आहे. चार सूर वाजवते आणि थांबते. मग बराच वेळ काही नाही. मग दोन. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं जिन्यात विचारलं, "तार तुटली का हो?" मी म्हटलं, नाही, नवी पद्धत आहे.

हिला म्हणालो, "अडखळायला लागली आहे पोरगी."

ही भाजी निवडत होती. "मधल्या वेळात ती गातेय मनात. बाईंचा भाग. ऐकलं नाहीत?"

मनातलं कसं ऐकणार? पण दार जरा उघडं ठेवून बसलो.

सोमवार, १४ एप्रिल

१२ तारखेचा मोठा कार्यक्रम दुसऱ्या व्हायोलिनवाल्याबरोबर झाला. दिलेला शब्द बाईंनी फिरवला नाही, आणि बेबीनं त्यांनी तो फिरवावा असं म्हटलंही नाही. ती श्रोत्यांत बसली होती. मी गेलो नाही.

आज मात्र बातमी आहे. येत्या रविवारी बाईंनी बेबीला साथीला बोलावलं आहे. दुजोरा या वेळी खुद्द बेबीचा! मृदंगवाल्यांना मीच फोन करून कळवलं. "संपादक, अखेर तुमची बातमी आधी," म्हणाले, "मला तर सकाळीच माहीत होती."

जागा बघून आलो. ग्रंथालयाच्या वरची खोली. ध्वनिक्षेपक नाही. पन्नास-साठ खुर्च्या मावतील, त्याही घडीच्या. मंच म्हणजे एक लाकडी चौथरा, जेमतेम वीतभर उंचीचा. सूचनाफलकावर हातानं लिहिलेला कागद, तिन्ही नावं एकाच आकाराची. बेबीच्या नावाआधी याही वेळी "बेबी" नाही. मी खिशातलं पेन काढलं होतं. ग्रंथपाल बघत होते म्हणून परत ठेवलं.

घरी सांगितलं, तर बेबी म्हणाली, "ते राहून गेलेलं नाही, बाबा. मागच्या वेळीही नव्हतं. मीच काढायला सांगितलं."

"मग मला सांगायचं."

"तुम्ही आधीच फोन केला होतात."

ही ओढणीचा काठ शिवत होती. दातानं दोरा तोडला आणि सुई पुन्हा ओवली. हिच्या बोटांकडे बघताना मला फलकावरची ती पट्टी आठवली, का ते कळत नाही.

शनिवार, १९ एप्रिल

बेबी जेवणानंतर माझ्यापाशी येऊन बसली. बराच वेळ वर्तमानपत्र वाचल्यासारखं केलं. ती वर्तमानपत्र वाचत नाही.

"बाबा, उद्या पहिल्या रांगेत नका बसू."

"का?"

"मी तुमचा हात बघते. लहान होते तेव्हापासून. मांडीवरचा."

"मग चांगलंच आहे की. ताल चुकत नाही."

"ताल नाही चुकत," ती म्हणाली. "पण तुमचा हात पुढे गेला की मला कळतं, आता तुम्हाला टाळी हवी आहे. मग मी थांबू शकत नाही."

मी म्हटलं, मी कुठेही बसेन. येऊच नको का?

"याच. शेवटच्या रांगेत बसा. तिथे एक खांब आहे." मग माझा हात उचलून, उलटसुलट करून बघितला, लहानपणी बघायची तसा, आणि परत मांडीवर ठेवून दिला. "चांगला आहे हो हात तुमचा."

मी तिला विचारलं, उद्या पुन्हा कांभोजी आला आणि बाई मधेच थांबल्या, तर ती काय करणार?

"त्या कुठे थांबतात त्यावर आहे," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

रविवार, २० एप्रिल, सकाळ

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. मृदंगवाल्यांनी फोनवर सांगितलं की मुख्य राग कांभोजीच आहे. बाईंनी मुद्दाम तोच निवडला आहे, आणि आलापही दोन टप्प्यांतच होईल. पहिल्या टप्प्यावर त्या थांबतील आणि डावीकडे बघतील. बेबी तिथून सुरू करेल. पुढचं आज कुणालाच सांगता येणार नाही, मृदंगवाल्यांनाही नाही. मी खोदून विचारलं.

बेबी सकाळपासून वाजवत नाही. खिडकीत बसली आहे. मघाशी ती हलकेच काहीतरी गुणगुणत होती, आणि मला वाटलं ती पोरासोरांची ओळच असावी, कारण वर जाऊन ती खाली आली.

आमच्या दोन खुर्च्या शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. खुर्च्या ठेवायला मी चारलाच जाणार आहे. टाळ्यांचं काय करायचं, हे मी हिला विचारलं. ओळ संपली की नाही हे मागून मला कसं कळणार? पूर्वी कळायचं असं मला वाटायचं.

ही म्हणाली, "मी सांगते ना. संपली की कोपरानं ढोसते."

तोवर हात मांडीवर ठेवायचे, असं ठरलं आहे.